तख्तपोश ते सोफासेट

मागच्या वर्षी आमच्या घरात एकाच वेळी दोन याद्या तयार होत होत्या. पहिली आमची. गावातले वडिलोपार्जित घर सोडून आम्ही तालुक्याच्या ठिकाणी दोन खोल्या आणि स्वयंपाकघराच्या ब्लॉकमध्ये राहायला जाणार होतो. कोणत्या खोलीत काय ठेवायचे, काय नवे घ्यायचे, काय गावीच सोडायचे याची ती यादी. दुसरी यादी धाकट्या बहिणीच्या होणाऱ्या सासरहून आली होती. तिला यादी म्हणायचे नाही, असे तिकडून बजावले होते. आमची काही मागणी नाही, तुम्ही आपल्या मुलीला खुशीने जे द्याल ते, असे म्हणून मध्यस्थ बाईंनी पुढच्याच दमात सहा नावे घेतली : पलंग, गादी, कपाट, ड्रेसिंग टेबल, सोफासेट आणि शोकेस.

अब्बांनी दोन्ही याद्या एकाच कागदाच्या दोन बाजूंना उतरवून घेतल्या. तो कागद कित्येक दिवस आमच्या टेबलावर पडून होता. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. मुलांना इतिहास सांगताना कोणते तख्त कोणी कधी जिंकले हे आम्ही सांगतो. शाहजहानचे तख्त-ए-ताऊस १७३९ साली नादिरशाहने नेले, हे सातवीतले मूलही सांगेल. पण त्या तख्ताच्या रयतेच्या घरात बसायला काय होते, निजायला काय होते, हे कोणत्याच धड्यात नाही. तो कागद समोर असताना आम्हाला वाटले, की आपल्या घरात हे सामान आले कुठून, कधी आणि कोणाच्या मागे लागून, हे एकदा स्वतःलाच विचारून पाहावे.

शब्दांची साक्ष

पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही, की 'फर्निचर' या शब्दाला आपल्याकडे जुना प्रतिशब्दच नाही. मराठीत 'सामानसुमान' म्हणतात, उर्दूत 'साज-ओ-सामान' म्हणतात. त्यात भांडीकुंडी येतात, कपडालत्ता येतो, बिछाना येतो. खोली भरून ठेवायच्या लाकडी वस्तूंसाठी वेगळा शब्द नव्हता, कारण तशा वस्तू फारशा नव्हत्याच.

जे शब्द आहेत ते मात्र बोलके आहेत. खुर्ची म्हणजे अरबी 'कुर्सी'. आयतुल कुर्सी रोज पढणाऱ्या माणसाला हे सांगायला नको. गालिचा, जाजम, सतरंजी, तक्क्या, पडदा, चादर, तख्त हे सारे फारसीच्या वाटेने मराठीत आले आणि मराठीचेच झाले. सतरंजीचे नाव बुद्धिबळाच्या 'शतरंज'वरून आहे. कोनाड्याला आपण 'ताक' म्हणतो, आणि आपल्या जुन्या घरांतून कुराण शरीफ तिथेच जुजदानात ठेवलेले असते. पुण्याच्या फरासखाना पोलीस ठाण्याचे नाव सर्वांना ठाऊक आहे. 'फर्श' अंथरणारा तो फर्राश, आणि गालिचे, जाजमे, तंबू, कनाती ठेवण्याची जागा ती फरासखाना. अबुल फजलने आईन-ए-अकबरीत बादशाही फर्राशखान्याचे वर्णन केले आहे. पेशव्यांच्या पुण्यातही तेच खाते त्याच नावाने चालत होते. वाड्यातला दिवाणखाना आणि हवेलीतला दिवाणखाना यांत बसण्याची रीत एकच होती : खाली बैठक, पाठीला लोड, कोपराला तक्क्या.

अलमारी हा शब्द पोर्तुगिजांचा, त्यांच्या 'आर्मारियु'वरून आलेला. 'मेज' फारसीतही आहे आणि पोर्तुगिजांच्या 'मेझा'शीही जुळतो. त्यावर जाणकारांत वाद आहे. 'कपाट' शब्दाचा संस्कृतातला अर्थ दाराची फळी. म्हणजे आधी भिंतीतल्या फडताळाला दार लागले आणि मग ते फडताळ भिंतीतून बाहेर येऊन खोलीत उभे राहिले.

आणि सोफा? हा शब्द इंग्रजांनी आणला असे आपण समजतो. पण इंग्रजीत तो अरबी 'सुफ्फा'वरून गेला आहे. सुफ्फा म्हणजे बसायचा उंचवटा, ओटा. मदिन्यात मस्जिद-ए-नबवीला लागून असा एक छपराखालचा सुफ्फा होता. ज्यांना घर नव्हते, दार नव्हते, असे सहाबी तिथे राहत आणि इल्म शिकत. हजरत अबू हुरैरा त्यांतलेच. त्यांना अस्हाब-ए-सुफ्फा म्हणतात. ज्यांच्यापाशी काहीच नव्हते त्यांच्या बसायच्या ओट्याचे नाव आज लग्नाच्या यादीत सर्वांत महाग वस्तूला लागले आहे. शब्दांचे नशीबही माणसांसारखेच असते.

एक खोली, चार कामे

आमच्या गावचे घर कोकणातल्या कोणत्याही मुसलमान घरासारखे आहे. पुढे पडवी, मग ओटी, आत माजघर, मागे स्वयंपाकघर, वर माळा. शेजारच्या हिंदूंची घरेही याच घाटाची. ओटीवर झोपाळा आणि एक तख्तपोश. माजघरात चटया, बिछान्यांची वळकटी आणि दादांची पेटी. एवढेच. दादीच्या हयातीत या घरात पंधरा माणसे राहत होती.

पंधरा माणसे त्या सामानात मावत, कारण खोलीला एकच एक काम नव्हते. सकाळी फजरला चटई अंथरली की माजघर नमाजची जागा. चटई उचलून दस्तरखान पसरला की जेवणाची. दुपारी बायका तांदूळ निवडत, मुले तिथेच पाटी घेऊन बसत. रात्री वळकट्या उलगडल्या की तीच निजायची खोली. सामान हलके होते आणि माणसे पुष्कळ होती. आता आमच्या ब्लॉकमध्ये माणसे चार आहेत आणि सामान हलत नाही.

ही रीत गरिबीमुळेच होती असे नाही. जमिनीवर बसणे आणि जमिनीवर जेवणे याला आपल्याकडे सुन्नतचा आधार होता. हजरत अनस यांची रिवायत आहे, की हुजूर (स.) मेजावर जेवत नसत, खाली सुफ्रा पसरून जेवत. बिछान्यांविषयीही एक हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. तिचा मतलब असा, की एक बिछाना पुरुषाचा, एक त्याच्या बायकोचा, तिसरा पाहुण्याचा, आणि त्यापुढचा चौथा सैतानाचा. घरातल्या सामानाचा हिशेब कसा करावा, हे याहून थोडक्यात कोणी सांगितल्याचे आमच्या वाचनात नाही. तिसऱ्या बिछान्याकडे लक्ष द्यावे. पाहुण्याची सोय गरजेत धरली आहे, दिखाव्यात नाही.

पण लाकडी सामानाचे इस्लामला वावडे होते असेही कोणी समजू नये. मस्जिद-ए-नबवीत मिंबर आला तो एका सुताराने झावाच्या लाकडाचा घडवला होता. त्याला तीन पायऱ्या होत्या. मागे बसलेल्यांना खुतबा देणारा दिसावा आणि ऐकू यावा, हे त्याचे काम. काम होते म्हणून वस्तू झाली.

खुर्चीचा मान

मग खुर्ची आपल्या घरात आली कशी? इंग्रजांच्या आधी खुर्ची नव्हती असे नाही. पण ती बहुधा राजाची किंवा परदेशी वकिलाची. इंग्रजी अमलात ती सरकारी इज्जतीची खूण झाली. साहेबासमोर कोणी खुर्चीवर बसायचे आणि कोणी उभे राहायचे, याचे नियम होते. ज्याला बसण्याची परवानगी मिळे तो 'कुर्सीनशीन' म्हणवला जाई आणि त्याचे दाखले लोक जपून ठेवत. जो समाज पिढ्यान् पिढ्या जमिनीवर इज्जतीने बसत आला, त्याला एकाएकी कळले की इज्जत दीड हात उंचीवर असते.

आमच्या शाळेतही खालच्या वर्गांना आजवर टाटपट्टीच होती आणि खुर्ची फक्त गुरुजींना. मुले 'मोठेपणी काय होणार' याचे उत्तर देताना खुर्चीकडे पाहतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

१९ व्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबईत मलबारच्या शिसवी लाकडावर भरगच्च नक्षी करून साहेबी घाटाचे कोच, खुर्च्या आणि टेबले घडवण्याचा मोठा धंदा उभा राहिला. मेडोज स्ट्रीट हे त्याचे ठिकाण. आज त्या रस्त्याला नगीनदास मास्टर रोड म्हणतात. घाट विलायतेचा, वेलबुट्टी इथली. हे सामान आधी साहेबांच्या बंगल्यांत गेले, मग पारशी, खोजा, बोहरा, मेमन, भाटिया शेठियांच्या घरांत. पुढे ती घराणी विस्कटली, वाटण्या झाल्या, आणि तेच सामान चोर बाजारच्या मटन स्ट्रीटवर विकायला आले. आज तिथे जुने शिसवी सामान पाहायला जाणारा माणूस खरे म्हटले तर मुंबईच्या शेठियांचा उतरता इतिहास पाहत असतो.

मध्यम घरांत क्रांती केली ती लोखंडाने. गोदरेज कंपनी १८९७ साली कुलपांपासून सुरू झाली आणि १९२३ मध्ये तिने पत्र्याची कपाटे काढली. वाळवी लागत नाही, उंदीर कुरतडत नाही, कुलूप भरवशाचे. कोकणच्या दमट हवेत हे तिन्ही गुण मोलाचे. हळूहळू कोणत्याही कारखान्याच्या लोखंडी कपाटाला लोक 'गोदरेज' म्हणू लागले. मुलीच्या लग्नात गोदरेज देणे ही रीत त्यानंतरची. म्हणजे जी गोष्ट आपण 'आपल्यात आधीपासून आहे' म्हणून सांगतो, तिचे वय आपल्या आजोबांहून जास्त नाही.

दादांची पेटी, चाचांचा सोफा

आमचे दादा जहाजावर खलाशी होते. कोकणातल्या किती तरी मुसलमान घरांतून माणसे अशी दर्यावर गेली. त्यांच्यापाशी एक सागवानी पेटी होती. तिच्यात त्यांचे कपडे, जानमाज, कागदपत्रे आणि परतताना आणलेल्या दोनचार जिनसा. पेटीवर बसता येई, पेटीवर निजता येई, पेटी उशाला घेता येई. एका माणसाचे सारे फर्निचर ती एक वस्तू होती.

चाचा कुवेतला गेले. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि आखाती देशांत कामाला माणसे लागू लागली, तेव्हा रत्नागिरी-रायगडच्या गावांतून तरुणांची रांगच लागली. त्यांच्या पैशाने गावचे सामान बदलले. कौले जाऊन स्लॅब आले, ओटीचा झोपाळा निघाला आणि हॉल झाला. हॉलमध्ये सोफासेट, समोर काचेची शोकेस, तिच्यात टी-सेट, कपबशा, प्लॅस्टिकची फुले आणि टेपरेकॉर्डर. त्या शोकेसची हसण्यावारी चेष्टा करणारे लेख आम्ही वाचले आहेत. आम्हाला ती करवत नाही. घरचा माणूस दोन दोन वर्षे दिसत नव्हता. त्याने पाठवलेल्या वस्तू काचेआड मांडून ठेवणे, हे त्याला घरात ठेवण्यासारखेच होते. चाचींनी त्या टी-सेटमधून कधी कोणाला चहा दिला नाही.

ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले. तिथले दीड लाखांहून अधिक भारतीय अम्मानमार्गे विमानांनी परत आणले गेले. चाचा त्यांत होते. त्यांनी तिथे हप्त्याहप्त्याने जमवलेला पलंग, सोफा, फ्रिज, सारे भाड्याच्या घरात जिथल्या तिथे राहिले. ते आले तेव्हा हातात दोन बॅगा होत्या. पहिल्या रात्री ते दादांच्या पेटीवर टेकून बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. सामान म्हणजे काय, हे आम्हाला त्या रात्री थोडेफार कळले. आम्ही तेव्हा लहान होतो.

जहेज

आता त्या दुसऱ्या यादीकडे यायला हवे.

'जहेज' शब्दाचे मूळ अरबीत सामान तयार करणे, सज्ज करणे असे आहे. आपल्याकडे जहेज मागणारे लोक हजरत फातिमांचे नाव घेतात. 'जहेज-ए-फातिमी' असा शब्दच रूढ आहे. पण त्या निकाहची हकिकत पुरी सांगत नाहीत. हजरत अलींपाशी मेहर द्यायला काही नव्हते. त्यांची एक जिरह, म्हणजे लढाईचे चिलखत होते. ते मेहरसाठी कामी आले. घरात जे गेले त्याच्या रिवायती आहेत : एक लोकरी चादर, एक पाण्याची मशक, गवत भरलेली एक चामड्याची उशी. काही रिवायतींत चक्की आणि दोन घागरीही येतात. अनेक उलेमांनी हेही दाखवून दिले आहे, की हजरत अली लहानपणापासून हुजूरांच्याच (स.) घरात वाढले होते, त्यांचा नवा संसार मांडून देणारे दुसरे वडीलधारे नव्हते. बाकीच्या साहेबजाद्यांना असे सामान दिल्याचा उल्लेख ते काढत नाहीत. म्हणजे सामान नवऱ्याच्या बाजूने उभे राहिले होते. आपण ती हकिकत उलटी करून मुलीच्या बापाच्या गळ्यात घातली.

कायद्याचेही तसेच. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने मागणी हाच गुन्हा ठरवला. त्याच कायद्यात मेहर हुंड्यात धरलेला नाही. आपल्या खुशीने दिलेल्या भेटींना मुभा आहे, पण १९८५ च्या नियमांप्रमाणे त्यांची यादी करायची असते : वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि नाते, खाली वर-वधूच्या सह्या. हा नियम मुलीच्या संरक्षणाचा आहे, आणि तो ठाऊक असलेली फार थोडी घरे आम्हाला भेटली.

एवढे सगळे ठाऊक असून आम्ही काय केले? लिहायला शरम वाटते, पण लिहिले नाही तर हा लेख खोटा होईल. आम्ही नाही म्हणालो नाही. साखरपुडा झाला होता, जमातीत बोलबाला झाला होता, बहीण गप्प होती. अब्बांनी आपल्या फंडातून काढलेले पैसे समोर ठेवले. आम्ही टेप घेऊन उल्हासनगरला गेलो, मग ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात. तिथे उत्तर प्रदेशातून आलेले कारागीर, बहुतेक आपलेच मुसलमान भाई, दुकानामागच्या गाळ्यात राहून काम करत होते. रंधा मारणाऱ्या एका सहारनपूरच्या मुलाला आम्ही विचारले, तुझ्या घरी सोफा आहे का? तो हसला आणि म्हणाला, सर, घरी तर चारपाई आहे.

सोफा घेतला. बहिणीचे सासर मुंब्र्याला. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली कित्येक कुटुंबे तिकडे गेली, त्यांतलेच ते एक. एक खोली, एक स्वयंपाकघर, सहा माणसे. सोफा दरवाजातून आत जाईना. दरवाजाची चौकट काढून तो आत नेला. आता तो त्या घरात प्लॅस्टिकच्या वेष्टनासह उभा आहे. रात्री निजायला जागा करण्यासाठी त्याची एक बाजू उचलून भिंतीला लावतात. रमजानमध्ये आम्ही इफ्तारला गेलो, तेव्हा सगळे सोफ्यापुढे उरलेल्या पट्टीत दस्तरखान पसरून, गुडघे मिटून बसलो होतो. सोफ्यावर कोणीच नव्हते. सासूबाई चांगल्या आहेत. त्यांनीच हळू आवाजात म्हटले, बाळ, लोक काय म्हणतील म्हणून मागितला. म्हणजे ज्यांनी घेतला त्यांनाही तो नको होता.

राहिलेली वस्तू

त्या इफ्तारनंतर आम्ही वर्गात मुलींना एक प्रश्न विचारला : घरी अभ्यास कुठे बसून करता? कोणी म्हणाली पलंगावर, कोणी जिन्यात, कोणी अम्मीच्या शिलाई मशीनच्या झाकणावर वही ठेवून, मशीन बंद असेल तेव्हा. लिहायला स्वतःची जागा असलेल्या मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. पुष्कळजणींच्या घरी शोकेस मात्र होती.

तेव्हा आम्ही तो जुना कागद पुन्हा काढून पाहिला. बहिणीच्या यादीत सहा वस्तू होत्या. आमची बहीण बी.ए. झालेली, पुढे बी.एड. करायची तिची इच्छा. यादीत तिने तोंड पाहायचे टेबल होते. तिने लिहायचे टेबल नव्हते. ते मागायचे मध्यस्थ बाईंना सुचले नाही, ठीक आहे. पण द्यायचे आम्हालाही सुचले नाही, आणि आम्ही मास्तर.

आमच्या ब्लॉकची यादी मग आम्ही नव्याने केली. मापे घेतली, पण आधी कामे मांडली. बाहेरच्या खोलीत सोफा ठेवला नाही. गावचा तख्तपोश रंधा मारून आणला. दिवसा बैठक, पाहुणा आला की तिसरा बिछाना. किब्ल्याच्या बाजूची भिंत रिकामी ठेवली, म्हणजे चार माणसे एका सफेत उभी राहू शकतात. आतल्या खोलीत एक पलंग, एक लोखंडी कपाट. खिडकीखाली, जिथे उजेड चांगला येतो, तिथे मुलीसाठी एक साधे टेबल, खुर्ची आणि वर पुस्तकांच्या दोन फळ्या. शेजारणीने येऊन विचारले, सोफा केव्हा आणणार? आम्ही म्हटले, बसा ना.

दादांची पेटी आम्ही मुंब्र्याला दिली. बहिणीने ती सोफ्याच्या बाजूला, भिंतीशी ठेवली आहे. पेटीत तिची पुस्तके आहेत आणि झाकणावर ती लिहिते. पेटीची उंची त्यासाठी जरा कमी पडते, पाठ दुखते, असे ती म्हणत होती. तिच्यासाठी एक घडीचे टेबल पाहिले आहे. अडीच फूट बाय दीड. दरवाजातून सहज जाईल.